लपलेला कप्पा
(पुण्यातील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका कप्प्याची गोष्ट सांगणार आहे. हा कप्पा फडताळात नाही. भिंतीतल्या कोनाड्यातही नाही. तो आहे कॉम्प्युटरच्या पोटात. आणि तो लपलेला आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या वर्गातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, माझा मुलगा फोनवर मित्राला सांगत होता, 'तो फोल्डर लपलेला असतो, आधी तो उघड.' काय लपवतोय हो हा? काही वाईट तर नाही ना?"

बाई भोरकडच्या. मंडईत भाजी विकतात. चार पैसे मागे टाकून मुलाला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. आता त्याच कॉम्प्युटरचा त्यांच्या जिवाला घोर लागला.

मी म्हणालो, "बाई, पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोरच सांगतो. हा घोर एकट्या तुमचा नाही."

लपलेले म्हणजे चोरीचे नव्हे

आधी एक विचारतो. तुमच्यापैकी कितीजणांनी पेव पाहिले आहे? म्हातारी माणसे हात वर करतील. जमिनीत खड्डा करायचा, त्यात ज्वारी भरायची, वर माती लोटून बुजवायचे. वरून चालणाऱ्याला काही कळत नसे. घरधन्याला मात्र जागा ठाऊक असे. पेव लपलेले होते. म्हणून काय त्यातले धान्य चोरीचे होते? नाही. ते जपून ठेवलेले होते.

आपल्या पुण्याचेच बघा. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणले. त्या पाण्यावर पेठांतले हौद भरत. हौदावर घागर भरणाऱ्या बाईला नळ दिसत नसे, पण पाणी मिळे. आणि नळाची वाट ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी जागोजाग उच्छ्वास बांधलेले होते.

कॉम्प्युटरचेही तसेच आहे. आपल्या रोजच्या कामाची कागदपत्रे समोर दिसतात. पण कॉम्प्युटरला स्वतःच्या कामासाठीही पुष्कळ फायली लागतात. आपण चुकून त्या पुसल्या तर काम बंद पडेल. म्हणून विंडोज त्या फायली आपल्या नजरेआड ठेवते. अशा एका लपलेल्या फोल्डरचे नाव आहे ॲपडेटा. फोल्डर म्हणजे कप्पा. बाईंचा मुलगा ज्याबद्दल बोलत होता तो बहुधा हाच. तो मुलाने लपवलेला नाही. कॉम्प्युटर घरात आला, तेव्हापासून तो तसाच आहे.

मॉड म्हणजे काय?

मग मुलाला तिथे जायचे कशाला? तर मॉड घालायला.

मॉड म्हणजे खेळाला लावलेली जोड. ट्रॅक्टर एकच असतो. त्याला नांगर जोडला की नांगरट होते. पेरणीयंत्र जोडले की पेरणी होते. ट्रॅक्टर बनवणारा वेगळा, अवजार बनवणारा वेगळा. खेळाचेही तसेच. खेळ एका कंपनीने काढलेला असतो. दुसराच कोणी हौशी माणूस त्याच्यासाठी नवी झाडे, नवी घरे, नवी वाहने तयार करतो. ती फाईल योग्य कप्प्यात ठेवली की खेळात नवी वस्तू दिसू लागते.

हे पोरखेळ समजून हसू नका. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ साली हाफ-लाइफ नावाच्या खेळाला एक जोड तयार केली. तिचे नाव काउंटर-स्ट्राइक. मूळ खेळाच्या कंपनीने ती विकत घेतली आणि २००० साली स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणली. आज तो खेळ जगभर खेळतात. मॉड घालता घालता पोरे फायली हाताळायला शिकतात. काही मुले पुढे मॉड बनवायलाही शिकतात.

एका गवंड्याची गोष्ट

आता जे सांगतो ते नीट ऐका.

आमच्या चाळीत एक गृहस्थ राहत. मूळचे मुळशीकडचे. धंदा गवंड्याचा. हाताखाली कितीतरी घरे उभी राहिली, पण अक्षरओळख नव्हती. त्यांचा मुलगा माइनक्राफ्ट खेळायचा. हा स्वीडनमधला खेळ. त्यात चौकोनी ठोकळे रचून घर, विहीर, गाव, काय हवे ते बांधता येते.

या मुलाने काय बांधले? गावचे घर. खरे घर पडून गेले होते. जागाही विकली होती. पण मुलाचे आजोबा घरात होते. ते खुर्ची टाकून शेजारी बसत आणि सांगत, "पडवी पाच खणांची होती रे. गोठ्याचं दार उगवतीला कर. विहिरीला पायऱ्या होत्या, त्या मोजून घाल." मुलगा ठोकळे लावी. आजोबा बघत. दोन उन्हाळे हे काम चालले. पुढच्या पावसाळ्यात आजोबा वारले.

काही दिवसांनी कॉम्प्युटर फार सावकाश चालू लागला. ओळखीच्या कोणीतरी गृहस्थांना फोनवर सांगितले, "आत लपलेल्या फायली असतात. काढून टाका. जागा होईल." त्याने सांगितले तसे गृहस्थ दाबत गेले. फोल्डर दिसले. नावे वाचता येईनात. पुसले. कचऱ्याची टोपली दिसली, तीही रिकामी केली. घर झाडल्यासारखे वाटले.

संध्याकाळी मुलगा शाळेतून आला. खेळ उघडला. बराच वेळ गप्प बसला. मग एवढेच म्हणाला, "बाबा, त्यात आबांचं घर होतं."

ते गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, पोरगा रडला असता तर बरं झालं असतं."

मंडळी, त्या कप्प्यावर नाव लिहिलेले होते. नाव वाचता आले असते, तर हात थांबला असता.

आता कप्पा उघडू या

म्हणून आज आपण तो कप्पा उघडायचा कसा हे शिकू. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे आणि विंडोजचे उदाहरण घेतो.

पहिली गोष्ट. खेळ बंद करा. चालत्या रहाटात हात घालू नये.

दुसरी गोष्ट. कळफलकावर खालच्या ओळीत खिडकीची खूण असलेली कळ आहे. ती दाबून धरा आणि आर या अक्षराची कळ दाबा. एक लहान चौकट उघडेल. तिच्यात टक्क्याची खूण काढा. मग इंग्रजी अक्षरे लिहा: ए, पी, पी, डी, ए, टी, ए. पुन्हा टक्क्याची खूण. मध्ये जागा सोडू नका. मग एंटर दाबा.

जो कप्पा उघडेल त्याचे नाव रोमिंग. तो ॲपडेटाच्या आतला आहे. त्यात माइनक्राफ्ट नावाचा फोल्डर शोधा. त्याच्या नावाआधी एक टिंब असते. त्या टिंबालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स ही प्रणाली सुरू झाली. तिच्यात ज्या नावाची सुरुवात टिंबाने होते, ते नाव यादीत दाखवत नसत. तीच रीत पुढे चालू राहिली. विंडोज मात्र टिंबाकडे बघत नाही. तिथे ॲपडेटा हा बाहेरचा कप्पाच झाकलेला आहे.

दुसरी वाटही आहे. फोल्डरांच्या खिडकीत वर व्ह्यू असे लिहिलेले असते. विंडोज १० मध्ये तिथेच हिडन आयटम्स ही चौकट आहे. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. तिथे खूण केली की लपलेले फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात. फिकट दिसले म्हणजे ते निकामी, असे समजू नका.

तिसरी गोष्ट, आणि हीच मोठी. आत सेव्हज नावाचा फोल्डर आहे. मुलाने बांधलेले सगळे त्यात असते. गवंड्याच्या घरून गेले ते हेच. मॉड घालण्याआधी या फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर करून ठेवा. बियाणे वेगळे राखून मग बाकीच्या धान्याला हात लावतो, तसे.

चौथी गोष्ट. ट्रॅक्टरला अवजार जोडायला मागे सांधा लागतो. इथेही तसा सांधा लागतो. फॅब्रिक किंवा फोर्ज ही त्या सांध्यांची नावे. खेळाची आवृत्ती, सांधा आणि मॉड, तिन्ही एकमेकांना जुळली पाहिजेत. फॅब्रिकचा मॉड फोर्जला बसेलच असे नाही. मॉडच्या पानावर कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते लिहिलेले असते. ते आधी वाचा.

पाचवी गोष्ट. सांधा बसवून खेळ एकदा चालू करा आणि बंद करा. माइनक्राफ्टच्या फोल्डरात मॉड्स नावाचा फोल्डर दिसेल. नसेल तर त्याच नावाचा नवा करा. मॉडची फाईल त्यात ठेवा. एका वेळी एकच मॉड घाला. खेळ बिघडला तर शेवटी घातलेला मॉड काढा. दहा एकदम घातले तर दोष कोणाचा हे कळणार नाही.

सगळेच खेळ असे कप्पे लपवत नाहीत. द सिम्स फोर या खेळाचा मॉड्स फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये उघडाच असतो. स्टीमवरून घेतलेल्या खेळाच्या नावावर उजवी कळ दाबली, मग मॅनेज आणि ब्राउझ लोकल फाइल्स निवडले, की खेळाचा फोल्डर आपोआप समोर येतो. पोरे तासभर शोधत बसतात. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पेवात उतरताना

आता पुन्हा पेवाकडे येतो. जाणता माणूस पेव उघडल्याबरोबर आत उतरत नसे. तोंड मोकळे करून वाट बघे. कारण आत कोंडलेल्या विषारी हवेने माणूस गुदमरून मरतो. ही हवा डोळ्यांना दिसत नाही.

मॉडमध्येही कधी असे विष असते. २०२३ च्या जून महिन्यात माइनक्राफ्टच्या काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम सापडला. कर्सफोर्ज ही मॉड मिळण्याची नावाजलेली जागा. तिथल्या काही मॉडकर्त्यांची खाती चोरांनी बळकावली आणि त्यांच्याच नावाने विषारी फायली ठेवल्या. तो प्रोग्राम कॉम्प्युटरमधले पासवर्ड चोरी आणि दुसऱ्या मॉडमध्येही शिरे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

तेव्हा एवढे पाळा. मॉड नावाजलेल्या जागेवरूनच घ्या, पण तिथलाही आंधळेपणाने घेऊ नका. आलेला नवा मॉड चार दिवस राहू द्या, लोक काय म्हणतात ते वाचा, मग घ्या. "विषाणूरोधक बंद करा, तरच हा मॉड चालेल," असे कोणी लिहिले असेल तर तो मॉड सोडून द्या. ज्या कॉम्प्युटरवर मुलगा मॉड घालतो, त्यावर बँकेचा व्यवहार करू नका. आणि शेजारचा कुठलाही अनोळखी कप्पा पुसू नका. एवढे करूनही पैशाची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आणखी एक. जिथे अनेकजण मिळून खेळतात, तिथे काही खेळांत मॉडला बंदी असते. तिथे मॉड घातला तर खाते बंद होते. पोराला हे आधीच सांगा.

त्या घराचे पुढे काय झाले?

गवंड्याच्या मुलाने महिनाभर खेळ उघडला नाही. मग एका रविवारी बापच म्हणाला, "चल रे, आपण दोघं बांधू." बाप खरा गवंडी. खण, जोते, भिंतीची जाडी सगळे त्याला पाठ. घर भराभर उभे राहिले. विहिरीपाशी मात्र दोघे थांबले. पायऱ्या किती होत्या? चौदा की सतरा? बापाला आठवेना. सांगणारा आता नव्हता. त्यांनी चौदा घातल्या.

त्यानंतर ते गृहस्थ या वर्गात येऊ लागले. पहिल्या महिन्यात मराठी अक्षरे शिकले. मग इंग्रजीचीही थोडी ओळख करून घेतली. आता त्यांच्या घरी एक पेनड्राइव्ह डबीत ठेवलेला आहे. डबीवर कागद चिकटवला आहे. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "आबांचे घर. पुसू नये." 'पुसू'मधला पहिला उकार चुकून दीर्घ झाला आहे. मी तो दुरुस्त केला नाही.

बाई, तुम्ही आज घरी जाल. मुलगा कॉम्प्युटरपुढे बसलेला असेल. ओरडू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "बाळा, तो लपलेला कप्पा मलाही दाखव." तो दाखवील. मग त्यातली नावे एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचा. अडलात तर त्याला विचारा. आईला शिकवायला कोणत्या पोराला आवडत नाही?

आणि त्याने काय बांधले आहे, तेही बघून या. पुढच्या बैठकीत आम्हांला सांगा.