धुऱ्यावरचा काटेधोतरा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला तुमच्यापैकी अनेक जण जाऊन आला असाल. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्याचे हे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर इथे आहे आणि देशभरातून बंजारा समाज चैत्रात इथे लोटतो. दिग्रसकडून या, मानोऱ्याकडून या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा सगळे वाळलेले असते. गहू-हरभरा निघून गेलेला, तुरीच्या पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या, गवताची काडी नाही. अशा वेळी रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाऱ्यावर एकच झाड हिरवेगार आणि पिवळ्याजर्द फुलांनी भरलेले दिसते. अंगभर काटे, पाने निळसर हिरवी आणि शिरांवर चुन्याची बोटे ओढावीत तसे पांढरे पट्टे. मी या परिसरातल्या एका शाळेत पंचवीसहून जास्त वर्षे विज्ञान शिकवले. यात्रेकरू थांबून मला हमखास विचारीत, "गुरुजी, हे कशाचं फूल?"

हा काटेधोतरा. कोणी पिवळा धोतरा म्हणतात, कोणी फिरंगी धोतरा, कोणी बिलायत. गुजरातीत दारुडी, बंगालीत शियालकांटा, आणि हिंदी भाषकांनी तर त्याला 'सत्यानाशी' असे सणसणीत नाव देऊन ठेवले आहे. आपले मराठी नाव मात्र फसवे आहे. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्याशी याचे काही नाते नाही. फळावर काटे असतात एवढेच साम्य. हे झाड आहे खसखशीच्या, म्हणजे अफूच्या कुळातले. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते, तिथल्या देखण्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा हा रानटी, काटेरी चुलतभाऊ. आपल्या महाराष्ट्रात अफू लावायला परवानगी नाही. पण तिच्या कुळातले एक झाड आपल्या प्रत्येक धुऱ्यावर बिनपरवाना उभे आहे, असे मी वर्गात म्हणायचो आणि पोरे हसायची.

नाते ओळखायचे तर देठ मोडून पाहा. अफूच्या बोंडाला चिरा दिला की पांढरा चीक येतो. याच्या देठातून हळदीसारखा पिवळा चीक येतो. कळीवर तीन पाकळ्यांसारखी हिरवी टोपरी असतात, प्रत्येकाला टोकाशी एक शिंग. फूल उमलले की ती टोपरी गळून पडतात. मग बहुधा सहा पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा दाट गुच्छ आणि त्याच्या मधोमध गडद लाल रंगाचे, फाटे असलेले टोक. या फुलात मध नसतो. तरी मधमाश्या येतात, त्या परागासाठी. पाकळ्या दोन-तीन दिवसांत झडतात आणि काटेरी बोंड धरते. ते पिकले की टोकाकडून चार-सहा फाकांनी उघडते आणि आतून काळे बारीक दाणे सांडतात. एका बोंडात ते शेकड्यांनी असतात.

हे झाड मूळचे आपले नाही. मेक्सिको आणि वेस्ट इंडिजच्या बाजूचे. मेक्सिकोत त्याला चिकालोते म्हणतात. युरोपीय जहाजांबरोबर ते जगभर पसरले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडच्या काही उत्खननांत त्याचे फार जुने दाणे सापडल्याचेही सांगितले जाते, पण तो वाद जाणकारांवर सोडू. एवढे मात्र खरे की आयुर्वेदातली 'स्वर्णक्षीरी' म्हणजे हेच झाड, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते त्यावर वैद्यांचेच एकमत नाही. चीक पिवळा दिसला म्हणून कोणीतरी जुने नाव नव्या झाडाला चिकटवले असावे, असे माझे मत आहे.

आता ते वाढते कसे ते पाहू. त्याच्या स्वभावातली ही सर्वांत मजेची गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये सांडलेले बी लगेच उगवत नाही. मृगाच्या पावसात सारे रान हिरवे होते, तेव्हाही हे जमिनीत झोपलेले असते. सोयाबीन, कपाशी यांच्या गर्दीत ते शिरतच नाही. पाऊस सरला, दिवाळीनंतर थंडीची चाहूल लागली, की मग ते उगवते. सुरुवातीला पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात, आणि खाली सोटमूळ खोल जाते. वरची माती वाळली तरी खालची ओल त्याला पुरते. म्हणून फाल्गुन-चैत्रात बाकीचे रान करपते तेव्हा हे फुलते. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. काटे आहेत आणि चव कडू. ज्या गायरानात बाकी सगळे चरून संपले तिथे हेच उरते. काटेधोतरा दाट दिसला, तर जमीन फार चरली गेली आहे किंवा कोणीतरी उकरली आहे, असे खुशाल समजावे.

उकरलेली माती त्याला फार आवडते. मातीत पुरलेले बी वर्षानुवर्षे टिकते आणि वर आले, उजेड मिळाला, की उठते. त्याच्या युरोपातल्या लाल फुलांच्या भावंडाचेही तसेच आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्सच्या रणभूमीवर तोफांनी आणि खंदकांनी जमीन उलथीपालथी झाली, तेव्हा त्या मातीत रानखसखशीची लाल फुले उसळून आली. त्या फुलाला तिकडे आजही हुतात्म्यांचे फूल म्हणून मान आहे. आमच्याकडे कारण इतके भीषण नव्हते. पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, त्याआधीची काही वर्षे गावात बांधकामे आणि रस्त्यांची कामे चालू होती. जिथे जिथे मुरूम-मातीचे ढीग पडले, तिथे पुढच्या हिवाळ्यात काटेधोतऱ्याचे ताटवे मी स्वतः पाहिले. तलावाचा गाळ शेतात आणून टाकला, तर गाळाबरोबरही तो येतो. बैलाच्या खुराला, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेल्या चिखलातून येतो. आमच्या भागात पूर्वी तांड्यांची लदेणी चाले, बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य दूरदूर जाई. त्या गोण्यांच्या शिवणीतूनही हे दाणे किती मुलूख फिरले असतील, असा विचार मनात येतो. पुरावा अर्थातच नाही.

इथवर सगळे गमतीचे झाले. आता जे सांगायला मी आज आलो आहे ते सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात मी काटेधोतऱ्याची फांदी घेऊन गेलो होतो. शास्त्रीय नाव फळ्यावर लिहिले, आर्जेमोने मेक्सिकाना. 1753 साली लिनियसने आपल्या ग्रंथात नोंदवलेले नाव. मग नावाची गोष्ट सांगितली. ग्रीक भाषेत 'आर्जेमा' म्हणजे डोळ्यातला पांढरा डाग, आपण ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतो ते. जुने ग्रीक वैद्य खसखशीसारख्या एका झाडाचा त्यावर उपाय करीत, त्या झाडाचे नाव लिनियसने या झाडाला दिले. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत याचा चीक डोळ्यात घालतात, हेही मी सांगितले. वर्ग खूश झाला. घंटा झाली. 'पण हे कधीही करू नका' हे वाक्य राहून गेले. मला वाटले, यात काय सांगायचे?

वर्गात जवळच्या तांड्यावरची एक मुलगी होती. तिच्या आजीच्या डाव्या डोळ्यात वडस वाढत होता. मुलीने घरी जाऊन सांगितले, गुरुजी म्हणाले, या झाडाच्या दुधाने डोळा बरा होतो. मी तसे म्हणालो नव्हतो. पण तिने ऐकले ते तसे, आणि त्यात तिची काय चूक? आजीने धुऱ्यावरचा देठ मोडला आणि बोटाने चीक डोळ्यात घातला. रात्रभर आग. सकाळी डोळा लालबुंद, पापणी उघडेना. तरी दोन दिवस तिने आणखी घातला, औषध म्हटले की आधी झोंबतेच या समजुतीने. डॉक्टरकडे नेईपर्यंत बुबुळावर जखम होऊन ती चिघळली होती. दीड-दोन महिने औषधे चालली. जखम भरली, पण मागे पांढरा डाग राहिला. ज्या फुलावरचा इलाज म्हणून त्या झाडाला नाव मिळाले, तेच फूल त्याच्या चिकाने तिच्या डोळ्यात पडले.

मी तांड्यावर गेलो. काय बोलावे कळेना. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, मीही त्यांना याडीच म्हणायचो. म्हणालो, "याडी, माझ्यामुळं झालं हे." त्या म्हणाल्या, "तुमी कुठं घातला, गुरुजी? म्याच घातला." आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली. त्यांनी मला दोष दिला नाही, म्हणून ती गोष्ट हलकी झाली असे मात्र नाही.

त्यानंतर मी या झाडाबद्दल मिळेल ते वाचले. त्याच्या बियांच्या तेलात सँग्विनारिन नावाचे विष असते. बी दिसायला थेट मोहरीसारखे. मोहरीत ते मिसळले गेले, चुकून किंवा लबाडीने, आणि त्याचे तेल पोटात गेले, की माणसांच्या पायांवर सूज येते, कातडी लाल होते, जुलाब होतात, धाप लागते. शरीरातल्या केशवाहिन्या सैल होऊन त्यातले पाणी पाझरू लागते, म्हणून ही सूज. हृदय निकामी होऊ शकते. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होतो. पाहा, पुन्हा डोळाच. या रोगाला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात आणि त्याची पहिली नोंद 1877 मध्ये कलकत्त्यात झाली. कारण काटेधोतऱ्याचे तेल आहे हे कळायला त्यापुढे कित्येक वर्षे गेली. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने तीन हजारांवर माणसे आजारी पडली आणि साठहून अधिक दगावली. मोहरीच्या तेलात एक टक्का हे तेल असले तरी रोग होऊ शकतो. तळून, उकळून विष जात नाही.

आपल्या वऱ्हाडात स्वयंपाकाला मोहरीचे तेल नाही, जवस, करडई, शेंगदाणा, आता सोयाबीन. म्हणून अशी साथ आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही. फोडणीत चिमूटभर मोहरी पडते तेवढीच. पण गव्हाच्या कडेने मोहरीच्या दोन ओळी घालायची पद्धत अनेकांकडे आहे, धुऱ्यावर काटेधोतरा उभाच असतो, आणि दोन्ही एकाच सुमाराला वाळतात. घरचीच मोहरी म्हणून आपण निर्धास्त असतो. अलीकडे काही जण तीच मोहरी घाण्यावर नेऊन तेल काढतात, तेव्हा मात्र जपले पाहिजे. दाणा कसा ओळखायचा? मोहरी गुळगुळीत असते. काटेधोतऱ्याच्या दाण्यावर जाळीदार खरखरीतपणा असतो. नखाखाली दाबून फोडा. मोहरीचा गर पिवळा निघेल, याचा पांढरा. प्रयोगशाळेत तेल तपासायला नायट्रिक आम्ल वापरतात, तो उद्योग घरी करू नये.

झाड काढायचे तर डिसेंबर-जानेवारीत, पाने जमिनीलगत असताना, निंदणातच खुरप्याने मुळासकट काढावे. बोंडे धरल्यावर उपटून उकिरड्यावर टाकणे म्हणजे पुढच्या वर्षी खताबरोबर ते स्वतःच्या हाताने वावरात पेरणे. आमचे निम्मे शेतकरी हेच करतात.

झाडात औषधी गुण नाहीतच असे मी म्हणत नाही. आफ्रिकेतल्या माली देशात त्याच्या काढ्याचा हिवतापावर रीतसर अभ्यास झाला आहे. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून. धुऱ्यावर देठ मोडून डोळ्यात घालणे वेगळे.

त्या याडींकडे माझे जाणे-येणे राहिले. नात शिकली, लग्न होऊन पुण्याकडे गेली. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेलो, तेव्हा सून अंगणात सुपात मोहरी पाखडत होती. मी मूठभर हातात घेतली. दहा-बारा दाणे मला शंकेचे वाटले, पण माझीही नजर आता तितकी राहिली नाही. चष्मा काढून, घालून पाहत होतो.

याडी बाजूला बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "इकडं आना." त्यांनी चिमूट घेतली आणि दाणे अंगठा आणि बोटाच्या मध्ये एकेक करून फिरवू लागल्या. "ही मोहरी. ही मोहरी. हे नाय." 'नाय' म्हटलेला दाणा मी नखाने फोडला. गर पांढरा होता. पुढचा फोडला, तोही पांढरा. संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्धे सूप तसे निवडले, एकदाही न पाहता. निवडलेले दाणे कागदात बांधले आणि सुनेला म्हणाल्या, हे चुलीत टाकू नको, दिवळीत ठेव. तांड्यावरच्या बायकांना दाखवायला लागतील.