शिवाजी नावाची भूमिका

बेंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका नावाचे एक जुने ठाणे आहे. आज ते शहराच्या पोटात गडप झाले असून हवाई दलाचा तळ आणि रेल्वेची चाके घडविणारा कारखाना यांमुळे लोकांस माहीत आहे. परंतु वयाने ते बेंगळूरहून वडील. येलहंकनाडूचे प्रभू म्हणविणाऱ्या गौडा घराण्याची ही मूळ गादी, आणि याच घराण्यातील पहिल्या केंपेगौडाने १५३७ साली बेंगळूरचा किल्ला व पेठा वसविल्या. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याने या मुलुखावर स्वारी केली. बेंगळूर पडले, केंपेगौडाच्या वंशजाकडे मागडी तेवढी राहिली, आणि जिंकलेल्या शहराचा कारभार त्या स्वारीतील एका मराठी सरदाराकडे आला. ते शहाजीराजे भोसले. त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी काही काळ पित्याजवळ या शहरी राहून गेला. बेंगळूरच्या रस्त्यांवर मराठी बोल ऐकू येऊ लागले त्याला अशी पावणेचारशेहून अधिक वर्षे झाली.

याच शहरात १२ डिसेंबर १९५० रोजी रामोजीराव गायकवाड नावाच्या एका पोलीस शिपायाच्या घरी मुलगा झाला. घरची बोली मराठी, बाहेरची कन्नड. कुटुंबाचे मूळ जेजुरीजवळच्या मावडी कडेपठार येथे असल्याचे सांगतात. शहाजीराजांच्या लष्कराशी त्याचा धागा जोडण्याचे काही कारण नाही. मुलाचे नाव मात्र त्या इतिहासातूनच आले. दूरदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत हे नाव ठेवण्यामागे केवळ आवड नसते, आपण कोण हे विसरू नये म्हणून बांधलेली ती एक गाठ असते. मुलाचे नाव शिवाजीराव ठेवले.

हे नाव त्याला पुढे टाकावे लागले. ज्याच्यामुळे टाकावे लागले त्या गृहस्थांचेही नाव मुळात शिवाजी नव्हते. त्यांना ते एका भूमिकेने दिले होते. आजचे भाषण त्या भूमिकेविषयी आहे.

मद्रासच्या दक्षिणेस विळुपुरम हे गाव आहे. तेथून जिंजीचा किल्ला एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. १६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेत शिवाजीमहाराजांनी जिंजी घेतली आणि तिची तटबंदी मजबूत केली. पुढे राजाराममहाराजांना रायगड सोडावा लागला तेव्हा मराठी राज्य आठ वर्षे याच किल्ल्याच्या आश्रयाने तगले, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. या विळुपुरमचे नाव ज्याच्या नावाच्या अग्रभागी होते, तो विळुपुरम चिन्नैया गणेशन हा १ ऑक्टोबर १९२८ रोजी जन्मलेला एका रेल्वे नोकराचा मुलगा. शाळेत त्याचे मन रमले नाही. वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तो मुलांच्या नाटक मंडळीत दाखल झाला, आणि त्याने पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो सीतेच्या भूमिकेसाठी. आपल्याकडे स्त्रीभूमिकांतून पुरुषभूमिकांकडे आलेल्या नटांची परंपरा मोठी आहे, तेव्हा यात महाराष्ट्राला नवल वाटू नये. उलट अशा नटाला आवाजाची व हाताच्या बोटांची जी शिस्त लागते, ती जन्मभर पुरते.

१९४६ साली सी. एन. अण्णादुरै यांनी एक नाटक लिहिले. शिवाजीने पाहिलेले हिंदू राज्य, अशा अर्थाचे त्याचे नाव. विषय रायगडावरील राज्याभिषेकाचा. तो सोहळा १६७४ साली झाला, आणि राजांच्या क्षत्रियत्वाचा प्रश्न काढून स्थानिक ब्रह्मवृंदाने त्यास अडथळा केला, म्हणून काशीहून गागाभट्टांना बोलवावे लागले, ही कथा आपल्याकडे शालेय पुस्तकातून येते आणि पुस्तकाच्या दोन ओळींतच संपते. अण्णादुरै यांनी त्या दोन ओळींचे नाटक केले. ते द्रविड चळवळीचे पुढारी; त्यांना त्या प्रसंगात आपल्या काळचा वाद दिसला. पराक्रमाने राज्य मिळविलेल्या पुरुषाला सिंहासनावर बसण्यासाठी दुसऱ्याची संमती का लागावी, हा त्यांचा प्रश्न. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांवर पवाडा रचला तेव्हा त्यांच्याही मनात याच्याच जवळचा प्रश्न होता. मद्रासकडील हे नाटक म्हणून मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. त्यातील गागाभट्टांचे चित्र मात्र प्रचारकाच्या कुंचल्याने रंगविलेले आहे, हेही सांगितले पाहिजे. गागाभट्टांची भूमिका खुद्द अण्णादुरै करीत.

शिवाजीची भूमिका मरुदूर गोपालन रामचंद्रन या नटाकडे जावयाची होती. ऐन वेळी त्यांनी ती सोडली. दुसऱ्या कोणास उभे करावे या विवंचनेत असताना मंडळींतील एकाने सतराअठरा वर्षांच्या गणेशनचे नाव सुचविले. मुलगा कृश, गालफडे बसलेली. अण्णादुरै यांनी त्याच्या हाती संहिता दिली, ती सुमारे नव्वद पानांची होती असे सांगतात, आणि काही तासांनी ते परत आले तो त्या मुलाने सगळी भाषणे तोंडपाठ म्हणून दाखविली. येथे घोकंपट्टीचे कौतुक करावयाचे नाही. नाटक मंडळीत वाढलेल्या मुलाला पाठांतर हे श्वासोच्छ्वासासारखे असते. पण ज्याचा इतिहास आपल्या घरचा नाही, ज्याची भाषा आपली नाही, ज्याची तसबीर आपल्या माजघरात कधी टांगलेली नव्हती, अशा पुरुषाचे बोलणे त्याने एका दिवसात आपले केले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मराठी नटाची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्याने शिवाजी व्हावयाचे म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात आधीच बसलेल्या शिवाजीशी सामना करावयाचा. जिरेटोप कपाळावर किती खाली असावा, दाढीची रेघ कोठे उतरावी, सईबाईंशी बोलताना आवाज किती मऊ व्हावा, याविषयी थिएटरातील शेवटच्या बाकावरच्या माणसाचेही मत ठरलेले. भालजी पेंढारकरांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ हा बोलपट काढला आणि चंद्रकांत मांढरे यांना महाराजांची भूमिका दिली, तेव्हा त्यांच्या समोर मिर्झाराजे जयसिंगाच्या वेषात पृथ्वीराज कपूर यांच्यासारखा धिप्पाड नट उभा होता. त्या नटाहून अवघड प्रतिपक्षी प्रेक्षागृहात बसलेला होता. चंद्रकांतांचे यश असे, की त्या प्रतिपक्षाने त्यांना आपला म्हटले. गणेशनला हे ओझे नव्हते. मद्रासच्या प्रेक्षकाजवळ शिवाजीचे ठरीव चित्र नसल्यामुळे ते त्याला कोऱ्या भिंतीवर काढता आले, आणि म्हणूनच कदाचित ते चित्र काढणाऱ्यालाच चिकटून बसले.

प्रयोगाला चळवळीचे वयोवृद्ध नेते ई. व्ही. रामस्वामी, ज्यांना तिकडे पेरियार म्हणजे थोर पुरुष म्हणतात, उपस्थित होते. प्रयोग संपल्यावर त्यांनी या मुलाला पुढे बोलावून जाहीर केले की येथून पुढे हा नुसता गणेशन नव्हे, शिवाजी गणेशन. देव, धर्म व मूर्ती यांवर आयुष्यभर प्रहार करणाऱ्या पुरुषाने एका नटाचे असे नव्याने बारसे करावे, यातील विनोद त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला असेल असे दिसत नाही.

नटाला भूमिकेवरून ओळखण्याची रीत जुनीच आहे. आपल्या विष्णुपंत पागनीसांनी १९३६ साली प्रभातच्या चित्रपटात तुकाराम उभा केला. तेही पूर्वायुष्यात रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, आणि एवढ्यासाठीच त्यांच्या निवडीविषयी स्टुडिओत शंका घेतली गेली होती. चित्रपट लागला आणि तुकोबांचा चेहरा म्हटला की पागनीसांचा चेहरा, असे समीकरण होऊन गेले. तरीही पागनीस अखेरपर्यंत पागनीसच राहिले. पत्रावर किंवा पाटीवर त्यांचे नाव तुकाराम असे कोणी लिहिले नाही. गणेशनचे तसे झाले नाही. अवघ्या तारुण्याच्या उंबरठ्यावर केलेली, पडद्यावर कधी टिपली न गेलेली ती भूमिका त्याच्या नावाच्या आधी जाऊन बसली आणि जन्मभर तेथून हलली नाही. त्याने पुढे केलेल्या पावणेतीनशेहून अधिक चित्रपटांच्या जाहिरातीत प्रथम छापले गेले ते आपल्या महाराजांचे नाव. मद्रासमधील लहान मुले शिवाजी म्हटले की आधी नटाला ओळखत, राजाला मागाहून.

१९५२ च्या ऑक्टोबरात ‘पराशक्ती’ हा त्याचा पहिला बोलपट झळकला. चित्रण चालू असताना या किडकिडीत मुलाला काढून दुसरा नट घ्यावा असा आग्रह झाला होता. निर्माते पेरुमाळ यांनी तो मानला नाही. १९५९ साली त्याने वीरपांड्य कट्टबोम्मन उभा केला. पांचालंकुरिचीचा हा पाळेगार इंग्रजांशी लढला व १७९९ मध्ये कयत्तार येथे फासावर गेला. या भूमिकेबद्दल कैरो येथील आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात १९६० साली गणेशनना सर्वोत्तम नटाचा मान मिळाला. त्यांनी कयत्तारला स्वखर्चाने जागा घेऊन कट्टबोम्मनचा पुतळा उभारला, आणि पाहणारे म्हणतात की पुतळ्यात कट्टबोम्मनपेक्षा गणेशनच अधिक दिसतात. वीरपुरुषाची भूमिका करणारा नट वीराला आपला चेहरा उसना देतो, आणि तो कधी परत येत नाही. १९७० सालच्या एका चित्रपटात त्यांनी नाटकातील नाटक म्हणून शिवाजीमहाराजांचा एक प्रवेश पुन्हा केला. नाव मिळाल्याला तोवर जवळजवळ पाव शतक झाले होते.

नावाने सर्व काही दिले असे मात्र नाही. तिरुपतीच्या दर्शनाला गेल्यावरून जुन्या सोबत्यांनी त्यांना दूषणे दिली आणि चळवळीशी त्यांचा संबंध तुटला. उतारवयात त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. १९८९ च्या निवडणुकीत तंजावरजवळच्या तिरुवैयारू मतदारसंघात ते पराभूत झाले. तंजावर म्हणजे व्यंकोजीराजांच्या वंशजांची राजधानी. त्या मुलुखाने शिवाजी नावाच्या उमेदवाराला परत पाठवावे, हा योगायोग चमत्कारिक खरा. आणि १९४६ साली ज्यांनी ती भूमिका ऐन वेळी सोडली ते एम. जी. रामचंद्रन? ते १९७७ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, लोकांनी त्यांना पदावरून ढळू दिले नाही. राज्याभिषेकाचा प्रवेश एकाने केला, राज्य दुसऱ्याला मिळाले.

आता बेंगळूरच्या शिवाजीरावांकडे वळले पाहिजे. हमाली, सुतारकाम असे करीत करीत ते शहराच्या वाहतूक सेवेत बसवाहक झाले. तिकिटे फाडण्याची त्यांची ढब प्रवाशांना आवडे. सुट्टीत ते हौशी नाटकांत पौराणिक भूमिका करीत. एका बसचालक मित्राने पदरमोड करून त्यांना मद्रासच्या चित्रपट शिक्षणसंस्थेत पाठविले. तेथे दिग्दर्शक के. बालचंदर यांची नजर त्यांच्यावर पडली. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: तमिळ शीक, आणि नाव बदल. मद्रासच्या चित्रसृष्टीत शिवाजी एकच असू शकत होता. बालचंदर यांनी आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’ या जुन्या कलाकृतीतील एका पात्राचे नाव काढून त्यांना दिले. १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटात एक फाटक ढकलून जो तरुण आत आला, त्याचे नाव रजनीकांत होते.

म्हणजे मराठी शिपायाने मुलाला दिलेले मराठी राजाचे नाव त्या मुलाला सोडावे लागले, कारण ते एका तमिळ नटाने भूमिकेत मिळविले होते. आणि मोबदल्यात त्यालाही मिळाले ते एका भूमिकेचेच नाव.

रजनीकांत यांच्यावर पुढे जे ओझे आले ते कोणा एका राजाचे नव्हते. प्रेक्षकांनी त्यांना अतिमानव ठरविले: सिगारेट हवेतून ओठांत झेलणारा, एका हाताने दहा जणांना लोळविणारा. १९८५ साली आपल्या शंभराव्या चित्रपटासाठी त्यांनी मंत्रालयच्या राघवेंद्रस्वामींची भूमिका घेतली. स्वामींवर त्यांची लहानपणापासून श्रद्धा होती आणि काम त्यांनी संयमाने केले. पण लोकांना हाणामारी न करणारा रजनीकांत पचला नाही. २०१० साली साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी ‘एंधिरन’ मध्ये शास्त्रज्ञ आणि त्याने घडविलेला यंत्रमानव अशा दोन्ही भूमिका केल्या, तेव्हा मात्र तिकिटांसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. अतिमानवाची भूमिका करणाऱ्याला माणसाची भूमिका करण्याची परवानगी प्रेक्षक सहसा देत नाहीत. रजनीकांतांनी ती पडद्याबाहेर स्वतःच घेतली. इतर नट जेथे टोप घालून मिरवतात तेथे ते टक्कल, पांढरी दाढी आणि साधा पोशाख अशाच रूपात लोकांसमोर येतात. २०१७ च्या अखेरीस राजकारणात उतरण्याची घोषणा करून २०२० च्या अखेरीस प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी ती मागे घेतली, याची संगतीही बहुधा याच स्वभावात लागेल.

१९९९ साली ‘पडयप्पा’ चित्रपटात हे दोघे शिवाजी एकत्र आले. गणेशन पिता झाले आणि रजनीकांत पुत्र. दोन वर्षांनी, २१ जुलै २००१ रोजी, गणेशन वारले. नंतर २००७ मध्ये एक चित्रपट आला, त्यात रजनीकांतांच्या पात्राचे नाव शिवाजी असे होते. कथेत या शिवाजीला मेल्याचे सोंग करावे लागते, आणि तो वेष पालटून परत येतो तेव्हा स्वतःचे नवे नाव सांगतो, त्याची आद्याक्षरे एम. जी. आर. अशी आहेत. मद्रासच्या थिएटरांत या क्षणी टाळ्यांचा कडकडाट होई. प्रेक्षकांत बसलेल्या किती जणांना ठाऊक होते कोण जाणे, की समोरच्या नटाला पडद्यावर परत मिळालेले ते नाव बेंगळूरच्या एका घरात त्याच्या बारशाला ठेवलेले होते.