जात्यावरची ओवी आणि ध्वनिमुद्रण

जळगांवाजवळच्या असोदें गांवीं १८८० सालीं बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. लिहिणें-वाचणें त्यांना कधींच आलें नाहीं. घरांत व शेतांत राबतांना गाणें तोंडून निघे, आणि पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसबंधु पीतांबर चौधरी यांनीं तें कागदावर उतरविलें म्हणूनच तें टिकलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईचीं गाणीं' प्रसिद्ध झालीं आणि महाराष्ट्र चकित झाला.

वहीला मात्र कान नसतात. लेवा बोलींत 'डोळा' हा 'डोया' होतो, 'घराला' याचें 'घराले' होतें. एवढें लेखणीस साधतें. पण खुंटा ओढतांना कोणत्या अक्षरावर श्वास अडला, दाणे संपत आले तेव्हां लय कशी हलकी झाली, हें लेखणीच्या आवांक्याबाहेरचें आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांना पुढें चित्रपटांतून व मैफलींतून सुरेख चाली मिळाल्या. परंतु त्या संगीतकारांच्या चाली होत.

यंत्र नव्हतें असेंहि नाहीं. ग्रामोफोन कंपनीचे गेझबर्ग १९०२ सालींच कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठीं आले होते, आणि नाट्यपदांच्या तबकड्या पुढें घरोघर वाजूं लागल्या. पण कंपनी झाली तरी दुकानच! पहाटे दळणाऱ्या बाईच्या ओवीला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

बिनगिऱ्हाइकाचा हा माल सांठविण्याचें काम अखेर स्नेह्यांच्या एका मेळाव्यानें अंगावर घेतलें, आणि त्यांतील एक प्रमुख गृहस्थ परदेशस्थ होते. फ्रान्सचे गी पॉइटवाँ १९७२ सालीं भारतांत आले व पुण्यास राहिले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. मुळशी-मावळाकडच्या कष्टकरी स्त्रियांनींच यांत पुढाकार घेतला. मैत्रीण मैत्रिणीस विचारी, आणि माहेरच्या व सासरच्या ओव्या जमत जात. १९९० नंतर बर्नार्ड बेल हे दुसरे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले. त्यांनीं १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें. हजारावर गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पॉइटवाँ २००४ सालीं वारले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा संग्रह क्रमाक्रमानें प्रसिद्ध होऊं लागला.

परक्या मुलखांत राहणाऱ्या माणसाचा कान कांहींसा अधिक जागा असतो. जात्याची जी घरघर शेजाऱ्यास झोपमोड वाटते, तींत त्यास गाणें ऐकूं येतें. शिवाय ओवी गाणारी बाई तरी कोठें स्वतःच्या गांवीं असते? भाऊ, आई, माहेरची वाट हे तिचे विषय सासर नांवाच्या परमुलखांतच पिकले.

खानदेशास या उद्योगाची निकड अधिक आहे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणींत खानदेशी ही भिल्ल बोलींच्या खंडांत (१९०७) घातली गेली. ती मराठीच्या पंक्तीस बसवावी कीं गुजरातीच्या, हा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा. धुळ्याकडची अहिराणी आणि जळगांवाकडची लेवा बोली यांतील हेल ज्यांच्या जिभेवर अजून शाबूत आहेत, त्या आजीबाई आतां ऐंशीच्या घरांत आहेत. पिठाची गिरणी आली आणि जातें पडवींत गेलें. गाणें त्याच्यासवें गेलें.

पुण्याकडे, सुरतेस किंवा थेट परदेशीं गेलेलीं मुलें आखाजीस गांवीं येतात. झोके बांधले जातात, गौराईचीं गाणीं होतात. तबकडीच्या यंत्रास जें जमलें नाहीं, तें खिशांतल्या फोनला सहज जमतें. मात्र फोन जात्याजवळ ठेवूं नये. घरघरीखालीं शब्द बुडतात. तो बाईच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर असावा. आधीं नांव, माहेरचें गांव, ओवी कोणाकडून शिकली, हें तिच्याच तोंडून घ्यावें. मध्येंच अर्थ विचारूं नये. बाई प्रथम म्हणेलच, "आतां काय आठवणार?" तेव्हां वाद न घालतां पडवींतलें जातें झाडून पुसून मूठभर ज्वारी तिच्या हातीं द्यावी, आणि खुंट्याच्या दुसऱ्या बाजूस सुनेस किंवा नातीस बसवावें.