कुत्र्याचा क्षय आणि माणसाचा खोकला



पगार आणि बोनस यांवर बोलणारा माणूस आज कुत्र्यांच्या रोगावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. पण क्षय हा आमच्या चाळींतला जुना भाडेकरू आहे, आणि कुत्रेही तेथेच राहते. घरात क्षय निघाला की पुष्कळदा संशय दारातल्या कुत्र्यावर जातो. हा आरोप तपासून पाहू.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू जगाला दाखवला. कुत्र्याला मुख्यतः दोन प्रकारचे जंतू बाधतात. माणसाचा जंतू त्याला बहुधा खोकणाऱ्या धन्याकडून मिळतो. गुरांचा जंतू बाधित जनावराच्या कच्च्या मांसातून किंवा न तापवलेल्या दुधातून. २०१६-१७ साली इंग्लंडात शिकारी कुत्र्यांच्या एका मोठ्या तांड्यात गुरांचा क्षय पसरला, तेव्हा त्यांना घातलेल्या मेल्या गुरांच्या मांसावरच मुख्य संशय आला.

कुत्र्यापासून माणसाला धोका नाहीच, असे मी म्हणत नाही. रोग फुफ्फुसात असला तर त्याच्या खोकल्यातून जंतू बाहेर पडू शकतात. म्हणून सतत खोकणारे, वाळत चाललेले कुत्रे पशुवैद्याला दाखवावे. तोवर मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. दूध उकळूनच प्यावे. पण कुत्र्याकडून माणसाला क्षय लागणे फार विरळा. माणसाला तो बहुतेक माणसाकडूनच लागतो, कोंदट खोलीतल्या हवेतून. तेव्हा कुत्र्याला माणसाचा क्षय निघाला, तर ते साक्षीदार समजावे आणि आधी घरातल्या प्रत्येकाची तपासणी करावी.

येथेच खरी अडचण आहे. आमचा कामगार खोकला लपवतो. कळले तर काम जाईल, ही भीती त्याला रोगाहून मोठी वाटते. तो लपवतो तोवर घरातली पोरे तीच हवा घेतात, आणि पायाशी निजणारे कुत्रेही. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध मोफत आहे. नेहमीच्या क्षयाला सहा महिने नेमाने औषध घेतले की बहुतेक रोगी बरे होतात. राज्य कामगार विमा योजनेत, अटी पुऱ्या केल्यास, क्षयासाठी वाढीव आजारभत्ताही मिळतो. हे हक्क शेजाऱ्याला सांगा, आणि खोकणाऱ्याला आजच दवाखान्यात घेऊन जा. कुत्रे हाकलून दिल्याने खोलीतली हवा शुद्ध होणार नाही.