छातीतली चिडी

आम्ही पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या बचत गटाच्या बाया. घरात कुणाचं जास्त झालं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, जळगावला न्यायचं की धुळ्याला? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दोन्हीकडे आहे. धुळ्याचं जुनं, जळगावचं महाविद्यालय २०१८ सालचं. मग गाडी कोणाची, पैसे कोणाकडे, हे सुरू होतं. पण आज सांगायचं आहे ते आयसीयूच्या दाराबाहेर बसून आम्ही जे शिकलो ते.

मागच्या पावसाळ्यात गटातल्या एका ताईच्या सासूबाईंना निमोनिया झाला. खासगी दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजींचे हृदयाचे ठोके अनियमित झालेत." मुलगा भडकला. "आणलं फुफ्फुसासाठी, आता हृदय कुठून निघालं? बिल वाढवायचा धंदा आहे!" खरं सांगतो, आमच्यातल्या काहींनाही तसंच वाटलं. गटाकडे पंधरा हजारांचं कर्ज मागितलेलं होतं. म्हाताऱ्या माणसासाठी किती ओतायचं, असं बैठकीत एकीने हळूच म्हटलंही होतं. ताई काही बोलली नाही, नुसती वहीकडे बघत राहिली.

तिथल्या एका सिस्टरने आम्हाला समजावलं. हृदयाला चार कप्पे. वरचे दोन आधी आवळतात, मग खालचे. कधी कधी वरचे कप्पे आवळायचं सोडून नुसते थरथरतात. मग नाडी जलद चालते आणि तिचा ताल जातो. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आधी कधीही हृदयाचा त्रास नसलेल्या माणसालाही अत्यवस्थ असताना हे होऊ शकतं. मोठा जंतुसंसर्ग, कमी पडलेला प्राणवायू, जुलाब-उलट्यांनी घटलेलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, रक्तदाब टिकवायला दिलेली औषधं, या सगळ्यांचा ताण हृदयावर येतो. वय जास्त आणि जुना बीपी असेल तर धोका वाढतो. म्हणजे डॉक्टरांनी नवा आजार शोधून काढलेला नव्हता. आजी किती आजारी आहेत, तेच हृदय सांगत होतं.

उपचारही त्याच वाटेने जातात. आधी संसर्ग आवरायचा, प्राणवायू आणि क्षार भरून काढायचे. लागलं तर ठोका आवरणारं औषध शिरेतून देतात. रक्तदाब फारच कोसळला तर विजेचा झटका द्यावा लागतो. झटका म्हटलं की आपण घाबरतो, पण तो जीव वाचवायला असतो.

आजींचा ठोका दोन दिवसांत जागेवर आला. शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "व माय, छातीमा चिडी फडफडी ऱ्हायनी व्हती."

घरी सोडलं तेव्हा मुलगा म्हणाला, "मिटलं." पण ताईने आयसीयूतल्या ईसीजीची प्रत मागून घेतली, कारण सिस्टरने सांगितलं होतं की हे परत येऊ शकतं. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून राहतं. न हलवलेलं दूध विरजणाने धरतं, तशी तिथे गाठ धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा. महिन्याने दाखवायला बोलावलं होतं, ते कापूस वेचणीत राहून गेलं. सगळ्यांकडे राहतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आजी पुन्हा म्हणाल्या, चिडी. ताईने मनगटावर अंगठ्याखाली तीन बोटं ठेवली आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, ताल चुकला असेल तर फसगत होते. नाडी कधी धावायची, कधी अडखळायची. दुसऱ्या दिवशी जुना ईसीजी घेऊन धुळं गाठलं. तो कागद होता म्हणून डॉक्टरांना मागचं सगळं लगेच कळलं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली.

ही गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. तिच्यासोबत मेडिकलवरून अंगदुखीची गोळी परस्पर आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर मालिशवाल्याकडे नाही, लगेच १०८ ला फोन. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच चालतं, आणि आपला अर्धा वेळ रस्त्यातच जातो.

ताईचा सहावा हप्ता परवाच्या बैठकीत जमा झाला. आजी आता शेळ्यांना पाला टाकायच्या आधी स्वतःच मनगट पुढे करतात, "मोज व."