सुमित्रा भावे : रुग्णाशेजारचं माणूस



पुण्याच्या झोपडवस्त्यांमध्ये ऐंशीच्या दशकात एक अभ्यास चालला होता. इथल्या बायका स्वतःकडे कशा पाहतात, हा त्याचा विषय. अभ्यास करणाऱ्या बाई समाजशास्त्राच्या, कर्वे समाजसेवा संस्थेत अनेक वर्षं शिकवलेल्या. वस्तीतल्या बायका भरभरून बोलल्या. त्यातून आठ दलित स्त्रियांच्या कहाण्यांचं पुस्तक झालं, गेल ऑम्वेट यांनी ते इंग्रजीत नेलं. पण वस्तीत वाचता येणाऱ्या बायका किती? ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापर्यंत त्यांचंच म्हणणं परत जायचं कसं? चित्रपट काढला तर जाईल, असं या बाईंना वाटलं. कॅमेऱ्याचं रीतसर शिक्षण काही नव्हतं. तरी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९८५ साली, त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बाई म्हणजे सुमित्रा भावे.

जन्म १९४३ चा, पुण्यातला. शिक्षण पुण्यात, पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. मधल्या काळात त्यांनी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्याही वाचल्या होत्या.

‘बाई’नंतर ‘पाणी’ आला आणि मग लघुपटांची रांगच लागली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर आले. पस्तीसेक वर्षं या दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं. लेखन मुख्यतः सुमित्राताईंचं, गाणी बहुधा सुनील यांची. १९९५ चा ‘दोघी’ हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. लग्नाच्या दिवशीच थोरल्या बहिणीवर आभाळ कोसळतं, गाव तिला अपशकुनी ठरवतं आणि ती मुंबईच्या नरकात जाऊन पडते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या त्यातल्या दोन बहिणी, आणि आई उत्तरा बावकर. घर जिच्या कमाईवर चालतं तिलाच घरात जागा नाही, हे बावकरांच्या चेहऱ्यावर ज्या तऱ्हेनं दिसतं, ते मला आजही पाहवत नाही.

पुढच्या चित्रपटांचे विषय ओळीनं सांगितले, तर सरकारी दवाखान्यातली पाटी वाचल्यासारखं होईल. ‘जिंदगी जिंदाबाद’मध्ये एड्स, ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये अंगावरचं कोड, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य. त्यामुळे ‘सामाजिक प्रश्नांवर चित्रपट काढणाऱ्या बाई’ असा शिक्का त्यांच्यावर बसला. मला तो अपुरा वाटतो. आजाराची माहिती द्यायला पत्रक पुरतं. सुमित्राताईंची पटकथा आजारी माणसापेक्षा त्याच्या शेजारी कोण बसलंय, याच्याकडे जास्त बघते.

‘देवराई’ घ्या. अतुल कुलकर्णीचा शेष हुशार आहे, कोकणातल्या देवराईनं झपाटलेला आहे, आणि त्याचं मन हळूहळू फाटत जातं. हे काम अप्रतिमच आहे. पण चित्रपट तोलून धरते ती त्याची बहीण, सोनाली कुलकर्णीची सीना. भाऊ तिचा, पण घर एकटीचं नाही. नवरा आहे, संसार आहे, आणि कितीही माया असली तरी माणूस दमतं. हे दमणं आपल्या सिनेमात फारसं कुणी लिहीत नाही. आपल्याकडे सेवा करणारं माणूस एक तर देवता असतं, नाही तर खलनायक.

‘अस्तु’त त्या आणखी पुढे गेल्या. डॉक्टर मोहन आगाशे यांनी रंगवलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांची स्मृती झडत चालली आहे. एके दिवशी रस्त्यात हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे ते गाडीतून उतरून त्याच्यामागे चालू लागतात. इकडे मुलगी, इरावती हर्षे, शोधून शोधून वेडीपिशी झालेली. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला खाऊपिऊ घालते, निजवते. ती कानडी मुलखातली, अक्षरशत्रू, ते शास्त्री. पण त्यांना तिच्यात आई दिसते आणि तिला ते मूल वाटतात. मुलीला वडील कोण होते हे माहीत आहे, म्हणून तिचा जीव तुटतो. चन्नम्माला काहीच माहीत नाही, म्हणून तिला समोरचा माणूस आहे तसा सांभाळता येतो. अख्खी पटकथा या फरकावर उभी आहे. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला आणि संवादांसाठी सुमित्राताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शब्द हरवत चाललेल्या माणसाच्या चित्रपटाला संवादांचा पुरस्कार! मला तो फार योग्य वाटतो. एवढं होऊनही हा चित्रपट थिएटरात यायला बराच काळ गेला, आणि त्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली.

सगळेच चित्रपट या उंचीचे आहेत असं मी म्हणणार नाही. ‘हा भारत माझा’सारख्या ठिकाणी पात्रं बोलता बोलता भाषण करू लागतात, आणि वर्गात शिकवणाऱ्या बाई मधूनच ऐकू येतात. उलट ‘एक कप च्या’मध्ये विषय आहे माहितीचा अधिकार, म्हणजे खरं तर केवढा रुक्ष! पण किशोर कदमचा एस.टी. कंडक्टर अवाच्या सवा आलेलं विजेचं बिल हातात धरून उभा राहतो आणि आपण त्याच्या घरचेच होऊन जातो.

‘कासव’ला २०१६ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतरचा हा पाचवा मराठी चित्रपट. जिवावर उदार झालेला एक तरुण आणि त्याला कोकणातल्या घरी घेऊन जाणारी जानकी. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, म्हणून त्याला खोदून खोदून काही विचारत नाही, उपदेश तर मुळीच करत नाही. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचं काम चालू असतं. तिथेही अंड्यांना हात लावायचा तो बेतानंच.

शेवटचा ‘दिठी’. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. पुरात तरुण मुलगा गमावलेला वारकरी रामजी, आणि त्याला दुःखातून उठवायला धडपडणारे त्याचे पोथीचे सोबती. १९ एप्रिल २०२१ ला सुमित्राताई गेल्या आणि महिनाभरानं, मे महिन्यात, ‘दिठी’ लोकांपर्यंत पोहोचला, तोही मोबाईल आणि टीव्हीच्या पडद्यावर. थिएटरं तेव्हा बंद होती.

ज्यांनी यांतलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी ‘अस्तु’पासून सुरुवात करावी. ‘दोघी’ त्यानंतर, आणि शक्यतो घरातल्या थोरल्या माणसांबरोबर बसून. त्यांचाच ‘दहावी फ’ मात्र दहावीतल्या मुलांना एकट्यानं बघू द्या. आईवडील शेजारी असले की मुलं त्यात हवं तिथे हसत नाहीत.