सेवा कोणाच्या खाती जमा होते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शिक्षणसंस्थांची प्रतवारी ठरविताना त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या समाजसेवेचीही दखल घ्यावी, हा विचार तत्त्वतः स्वागतार्ह आहे. केवळ परीक्षेच्या निकालावर संस्थेची थोरवी ठरविण्यापेक्षा हे केव्हाही बरे. परंतु अर्थशास्त्रातील एक साधा नियम येथे विसरून चालणार नाही. ज्या वस्तूला भाव मिळतो, तिचे उत्पादन वाढते. भाव वस्तूऐवजी तिच्या वेष्टनाला मिळू लागला, तर वेष्टनेच तेवढी वाढतात.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आरंभी तिच्यात सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी तिची घडी बसली. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर, १९७३ साली, ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हे शिबिरांचे सूत्र होते. त्या वेळी शहरातल्या अनेक मुलांना खेड्याची पहिली ओळख अशा शिबिरांतच झाली. योजनेचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पुढे १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. तिने २०१७ मध्ये मूल्यांकनाची जी सुधारित चौकट आखली, तीत विस्तारकार्याला स्वतंत्र गुण होते. किती कार्यक्रम झाले, किती विद्यार्थी सहभागी झाले, किती पुरस्कार मिळाले, याचे आकडे त्यासाठी मागितले गेले. आकडे मागण्यात गैर काही नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. मात्र हे सारे आकडे देणाऱ्याच्या बाजूचे आहेत. बांधलेल्या बंधाऱ्यात पुढच्या उन्हाळ्यात पाणी होते काय, लावलेली रोपे जगली काय, मुळात गावाने हे काम मागितले होते काय, हे प्रश्न त्यांत येत नाहीत. सेवा गावात होते आणि जमा मात्र संस्थेच्या खाती पडते. गावाचे दारिद्र्य हा जणू श्रेणी तयार करण्याचा कच्चा माल ठरतो.

हा धोका नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना तिच्यापुढे होती. त्या समितीनेच इशारा दिला की, आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाऊ शकेल. तेव्हा भीती सुताच्या वजनाची होती, आज ती गुणांच्या बेरजेची आहे.

याउलट कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण पाहावे. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि अंगमेहनत करीत. १९४७ साली तेथेच निघालेल्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र होते. ते श्रम कोणत्याही श्रेणीसाठी नव्हते. त्यांतून गरिबाच्या मुलाचे शिक्षण साधत होते आणि जातीची भिंत ढासळत होती. श्रम करणारा आणि त्याचा लाभ घेणारा तेथे वेगळे नव्हते.

सेवा आणि शिक्षण यांचा सांधा नेमका येथे आहे. विद्यार्थ्यांनी सफाईचे शिबिर घेतले, पण गावच्या सफाई कामगाराला किमान वेतन मिळते काय, हे विचारले नाही, तर रस्ता दोन दिवस स्वच्छ राहील आणि विद्यार्थी मात्र अडाणीच राहील. प्रश्न विचारण्याची बंदी असलेली सेवा ही दयाबुद्धीची कवाईत होय.

म्हणून मोजणी बंद करा, अशी मागणी नाही. मोजणारा बदला, अशी मागणी आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने त्या योजनेतील कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले होते. तेच तत्त्व येथे लावता येईल. कामाची निवड ग्रामसभेने करावी. वर्षभराने काय टिकले, याचा अहवाल विद्यार्थ्यांनी तिच्यासमोरच वाचावा, आणि त्यावरचे तिचे मत संस्थेच्या मूल्यांकनात धरले जावे. विद्यार्थ्यांनी श्रमांबरोबर पाहणीही करावी : विहिरींची पातळी, रेशन दुकानातील वाटप, शेतमजुरीचे दर. ही माहिती गावाच्या हाती राहिली, तर शिबिर उठल्यावरही तिचा उपयोग होत राहील.

यात पक्षकार्यकर्त्यांचे कामही स्पष्ट आहे. आपल्या गावी महाविद्यालयाचे शिबिर येईल तेव्हा उद्घाटनाच्या हारतुऱ्यांपाशी थांबू नये. ग्रामसभा भरवावी, भूमिहीनांना व स्त्रियांना बोलते करावे आणि मुलांना ते ऐकू द्यावे. ज्या संस्थेला गावाने पुन्हा बोलावले, तिला मान्यता मिळाली असे खुशाल समजावे.